आकाश कुठे संपते?

(अंजूर येथील आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पावन स्मृतीस त्रिवार वंदन करतो. हे विहार उभे राहावे म्हणून ज्यांनी घमेली वाहिली, पदरचा पैसा घातला आणि जे आज आपल्यात नाहीत, त्या सर्व ज्येष्ठांना अभिवादन करून आम्ही दोन शब्द बोलणार आहोत. आम्ही म्हणजे दर रविवारी याच विहारात मुलांचा वर्ग घेणारे चौघेजण. बोलायला एकजण उभा असला तरी मजकूर चौघांनी मिळून तयार केला आहे. चूकभूल झाली तर तीही चौघांचीच समजावी.

समितीने आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, "विश्व अनंत आहे का, आणि ते खरोखरच पसरते आहे का?" समितीतले काहीजण हसले. वर्धापनदिनाला हा कसला विषय, असे त्यांना वाटले असेल. त्यामागे एक गोष्ट आहे, ती आधी सांगतो.

मागे एका हिवाळ्यात रविवारचा वर्ग संध्याकाळी घेतला होता. आपल्या भिवंडी परिसरात आता गोदामांचे आणि रस्त्यांचे दिवे एवढे झाले आहेत की तारे बघायचे म्हणजे लाईट जाण्याची वाट बघावी लागते. त्या दिवशी खरोखरच लाईट गेली. मुलांना घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. मृग नक्षत्र दाखवले, व्याधाचा तारा दाखवला. तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, आकाश कुठं संपतं? आणि संपत असेल तर त्याच्या पलीकडं काय आहे?"

आम्ही तोंड उघडणार तोच बरोबर आलेले एक आजोबा म्हणाले, "पोरी, असले प्रश्न विचारायचे नसतात. जग अनंत आहे का नाही, हे भगवान बुद्धांनीसुद्धा सांगितलेलं नाही. त्यापरीस अभ्यास कर." मुलगी गप्प झाली. आजोबा सुत्तात आहे तेच सांगत होते, म्हणून आम्हीही गप्प बसलो. तेवढ्यात लाईट आली आणि सगळे खाली उतरलो.

पुढचे दोन रविवार ती मुलगी वर्गाला आली नाही. कारण काहीही असेल, परीक्षा असेल, घरी पाहुणे असतील. पण आमच्या मनाला ते लागून राहिले. बाबासाहेबांच्या फोटोखाली भरणाऱ्या वर्गात एका मुलीने प्रश्न विचारला आणि आम्ही चार मोठी माणसे तिला साधे उत्तर देऊ शकलो नाही. तिसऱ्या रविवारी ती आली तेव्हा आम्ही तिला म्हटले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधतोय." ती म्हणाली, "नाही सापडलं तर तसं सांगा, सर."

बंधू-भगिनींनो, आजचे भाषण म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे. आजोबाही समोर बसले आहेत. त्यांना विचारूनच ही गोष्ट सांगितली.

आधी अंतराचा अंदाज घेऊ. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. चंद्रावरून निघालेला प्रकाश सव्वा सेकंदात आपल्याकडे येतो, सूर्यावरून यायला त्याला ८ मिनिटे लागतात. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे आपल्याला दिसणारा त्याचा प्रकाश सव्वाचार वर्षांपूर्वीचा. आपला सूर्य ज्या ताऱ्यांच्या समूहात आहे त्याला आपण आकाशगंगा म्हणतो. तसेच दुसरे समूह, म्हणजे दीर्घिका, अब्जावधी आहेत. त्यांतली देवयानी ही दीर्घिका काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनी पुसट ठिपक्यासारखी दिसते. तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. म्हणजे आकाशाकडे बघणे हे मागे वळून बघणेच आहे.

आता पसरण्याचे. कोणत्याही ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की त्याचा रंगांचा पट्टा होतो आणि त्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या. त्या रेघांवरून ताऱ्याचे तापमान कसे वाचायचे याचे समीकरण १९२० साली मांडले ते मेघनाद साहा यांनी. ढाक्याजवळच्या खेड्यात १८९३ साली एका छोट्या दुकानदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. कलकत्त्याला शिकताना वसतिगृहात त्यांना जातीचा जाच सोसावा लागला. ज्याला पंगतीत जवळ घेतले नाही त्याने ताऱ्यांची भाषा जगाला शिकवली, हे आपल्या मुलांनी विसरू नये.

दूरच्या दीर्घिकांच्या बाबतीत असे दिसले की रेघांचा ठसा तोच, पण सगळा तांबड्या रंगाकडे सरकलेला. अमेरिकेत स्लायफर यांनी १९१२ पासून ही मोजमापे सुरू केली. बेल्जियमच्या लमेत्र यांनी १९२७ साली आणि हबल यांनी १९२९ साली दाखवले की दीर्घिका जितकी दूर तितकी ती वेगाने आपल्यापासून लांब जाते आहे. आजच्या मोजणीप्रमाणे अंतर ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांनी वाढले की दूर जाण्याचा वेग सेकंदाला साधारण ७० किलोमीटरने वाढतो.

इथे एक गैरसमज होतो. फटाका फुटून त्याचे तुकडे उडावेत तशा दीर्घिका उडत नाहीत. जागाच ताणली जाते आहे. आपल्या आया-बहिणी तीळ लावून बाजरीची भाकरी थापतात, तो थापा डोळ्यांसमोर आणा. भाकरी मोठी होत जाते तसा प्रत्येक तीळ दुसऱ्या तिळापासून लांब जातो. तीळ स्वतः चालत नाही, पीठ पसरते. आणि कोणत्याही तिळावर बसून पाहिले तरी बाकीचे तीळ आपल्यापासूनच दूर जाताहेत असे वाटेल. म्हणून आपण विश्वाच्या मध्यभागी आहोत असे समजायचे कारण नाही. मात्र भाकरीला कड असते, विश्वाला कड असल्याचे कुणाला दिसलेले नाही. उपमा तेवढ्यापुरतीच घ्यावी.

मग अंजूर आणि भिवंडीमधले अंतरही वाढते आहे का? नाही. तीळ जसा फुगत नाही तशी पृथ्वी, सूर्यमाला किंवा आपली आकाशगंगा फुगत नाही, कारण गुरुत्वाकर्षणाने ती घट्ट बांधलेली आहे. देवयानी तर उलट आपल्याकडे येते आहे. ताणले जाते ते फार मोठ्या अंतरांवर.

याचा पुरावा परदेशातच आहे असे नाही. माळशेज घाट चढून नारायणगावकडे गेले की खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. आमच्यापैकी दोघे विज्ञानदिनाला जाऊन बघून आले. तारेच्या जाळीच्या ३० प्रचंड तबकड्या, प्रत्येक ४५ मीटर रुंद, सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली आपल्याच देशात त्या बांधल्या गेल्या. हायड्रोजन वायूतून २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर निघते, ही लांबी ठरलेली आहे. या दुर्बिणीने पकडलेली अशी एक लहर २०२३ साली जाहीर झाली. ती सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघाली होती. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेने भिंगासारखे काम केले म्हणून ती सापडली. निघताना २१ सेंटिमीटरची असलेली लहर खोडदला पोचली तेव्हा ४८ सेंटिमीटरची झाली होती. वाटेत जागा ताणली गेली, तिच्याबरोबर लहरही ताणली गेली.

कुणी म्हणेल, लांबच्या प्रवासात प्रकाश दमत असेल, म्हणून तांबडा होत असेल. ही शंका १९२९ सालीच झ्विकी नावाच्या शास्त्रज्ञाने काढली होती. शंका रास्त होती, म्हणून ती तपासली गेली. काही तारे स्फोट होऊन उजळतात आणि ठराविक दिवसांत मंद होतात. प्रकाश नुसता दमत असता तर दूरच्या स्फोटालाही तेवढेच दिवस लागले असते. प्रत्यक्षात दूरचा स्फोट सावकाश उजळतो आणि सावकाश मंदावतो, आणि ज्या पटीत त्याच्या प्रकाशाची लांबी ताणलेली असते त्याच पटीत दिवस वाढलेले असतात. म्हणून विश्व पसरते आहे हे आज आपण खात्रीने म्हणू शकतो.

पुढचा प्रश्न, या पसरण्याला सुरुवात होती का? इथे आपल्या महाराष्ट्राच्या एका सुपुत्राचे नाव घ्यावेच लागेल. डॉ. जयंत विष्णू नारळीकर. जन्म १९ जुलै १९३८, कोल्हापूर. केंब्रिजला फ्रेड हॉईल यांचे ते विद्यार्थी. १९४८ साली हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थितीचा सिद्धान्त मांडला होता. विश्व पसरते हे त्यांना मान्यच होते. त्यांचे म्हणणे असे की पसरताना मोकळ्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते, त्यामुळे विश्वाला आरंभ नाही आणि अंतही नाही. याविरुद्ध दुसरे मत असे की एके काळी सर्व काही अतिशय दाट आणि तप्त होते आणि तिथून पसरायला सुरुवात झाली. या मताला 'महास्फोट' हे नाव दिले ते १९४९ साली रेडिओवरच्या भाषणात खुद्द विरोधक हॉईल यांनी!

१९६१ साली मार्टिन राईल यांनी रेडिओस्रोतांची मोजणी पुढे करून स्थिर स्थिती चुकीची ठरल्याचे जाहीर केले, तेव्हा लंडनच्या सभेत हॉईल यांच्या बाजूने उत्तर द्यायला नारळीकर उभे राहिले. त्या वेळी ते विद्यार्थीच होते. १९६४ साली गुरू-शिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला आणि १९६५ साली वयाच्या २६ व्या वर्षी नारळीकरांना पद्मभूषण मिळाले.

पण त्याच सुमारास पेन्झियास आणि विल्सन या दोघांना सर्व दिशांनी सारखीच येणारी एक मंद खरखर सापडली. शून्याखाली सुमारे २७० अंश सेल्सियस इतक्या थंड प्रारणाची ती खूण होती. एके काळी तप्त असलेल्या विश्वाची ही उरलेली धग आहे, असा बहुसंख्य शास्त्रज्ञांनी अर्थ लावला. महास्फोटाची बाजू भक्कम झाली. आज विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते ते त्याच मार्गाने.

नारळीकर मात्र शेवटपर्यंत शंका विचारत राहिले. १९९३ साली हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी स्थिर स्थितीचा सुधारलेला सिद्धान्त मांडला. बहुतेकांनी तो स्वीकारला नाही. तरी ते कुणावर रुसले नाहीत आणि बहुमत विरुद्ध आहे म्हणून गप्पही बसले नाहीत. १९८८ साली पुण्यात आयुका ही संस्था त्यांनी उभी केली आणि २००३ पर्यंत ते तिचे संचालक होते. २००८ साली त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने फलज्योतिषाची परीक्षा घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली, त्यांतली सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तर याहून थोडे बरेच जमले असते! २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आम्हाला त्यांच्याकडून घेण्यासारखे वाटते ते हे. त्यांचे मत बरोबर होते म्हणून ते मोठे नव्हेत. आज बहुतेक पुरावा त्या मताच्या विरुद्ध आहे. पण कुंडली असो की महास्फोट असो, दोन्हींना त्यांचा एकच सवाल होता, तपासून बघितलं का? आणि स्वतःच्या मतालाही त्यांनी त्यातून वगळले नाही.

महास्फोट म्हटले की काहीजण लगेच म्हणतात, "बघा, सुरुवात होती म्हणजे करणारा कुणीतरी आहेच." मित्रहो, हा सिद्धान्त दाट आणि तप्त स्थितीपासून विश्व कसे पसरले आणि थंड झाले एवढेच सांगतो. त्याच्याही आधी काय, याचे सिद्ध झालेले उत्तर आज नाही. त्या रिकाम्या जागी कुणाला नेऊन बसवायचे आणि मग त्याला नारळ फोडायचा, हा शास्त्राचा भाग नव्हे.

आता मूळ प्रश्न. विश्व अनंत आहे का? आपल्याला जिथवरचा प्रकाश पोचू शकतो तेवढेच विश्व आपल्याला दिसते. जागा ताणली गेल्यामुळे त्या दिसणाऱ्या विश्वाची हद्द आज सर्व बाजूंनी सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. ती आपल्या नजरेची हद्द झाली, विश्वाची भिंत नव्हे. खाडीच्या काठावर उभे राहून क्षितिज दिसते, म्हणून पाणी तिथे संपते असे कुणी म्हणत नाही. मोजमापे असेही सांगतात की विश्वाची जागा वाकलेली नाही, जवळजवळ सपाट आहे. सपाट असेल तर ते अनंत असू शकते. पण अंजूरच्या शेतात उभे राहिले तर जमीनही सपाटच दिसते, आणि पृथ्वी तर गोल आहे. विश्व एवढे मोठे असेल की त्याचा बाक आपल्याला कळतच नसेल, हेही शक्य आहे.

एवढेच नव्हे. १९९८ साली कळले की पसरण्याचा वेग वाढतो आहे. त्याबद्दल २०११ साली नोबेल पारितोषिक मिळाले, पण तो कशामुळे वाढतो हे अजून उलगडलेले नाही. २०२४ आणि २०२५ साली आलेल्या नव्या मोजणीने तर ते कारण काळाबरोबर क्षीण होत असावे असा संशय निर्माण केला आहे. त्याची खात्री व्हायची आहे. पसरण्याचा वेग एका रीतीने मोजला तर ६७ येतो, दुसऱ्या रीतीने ७३. हा मेळ अजून बसलेला नाही.

म्हणजे बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. विश्व पसरते आहे, हे माहीत आहे. ते अनंत आहे की नाही, हे माहीत नाही. "नाही सापडलं तर तसं सांगा" असे तू म्हणाली होतीस, म्हणून तसेच सांगितले.

आता आजोबांकडे वळतो. आजोबा, तुमचे अर्धे म्हणणे अगदी बरोबर होते. चूळमालुंक्य सुत्तात मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू भगवंतांना विचारतो, जग शाश्वत आहे की अशाश्वत, अनंत आहे की अंत असलेले? आणि वर म्हणतो, उत्तर दिले नाही तर मी संघ सोडून जाईन. भगवंत त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला देतात. तो माणूस म्हणू लागला, बाण मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, उंच की ठेंगणा, हे कळेपर्यंत मी बाण काढू देणार नाही, तर तो उत्तर मिळण्याआधीच मरेल. दुःख आहे आणि त्यावर उपाय आहे. विश्व अनंत असो वा नसो, तो उपाय करायचाच आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात नुसत्या कल्पनेवर उभ्या असलेल्या विश्वासाला धम्म मानलेले नाही.

पण आजोबा, मालुंक्यपुत्ताने अट घातली होती. आपल्या मुलीने अट घातली नव्हती. तिने वर बघितले आणि विचारले, एवढेच. दुसरे असे की त्या काळी हा प्रश्न तपासायला साधन नव्हते. एकाने अनंत म्हणावे, दुसऱ्याने नाही म्हणावे आणि नुसता वाद घालावा, एवढेच होते. आज खोडदला तबकड्या उभ्या आहेत. जे तपासता येते ते तपासावे, हे तर कालाम सुत्तच आपल्याला शिकवते. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, एवढ्यावर मानू नका, असा त्याचा आशय आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्याच घरातली. आपल्या पाली ग्रंथांत 'संवट्ट' आणि 'विवट्ट' असे शब्द येतात, म्हणजे लोकाचे आवरले जाणे आणि उलगडणे. ते वाचून आपल्यातले काहीजण म्हणू लागले आहेत, बघा, विश्व पसरते हे बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले होते. बंधूंनो, आम्हालाही आधी हे फार आवडले होते, खोटे कशाला बोलू. पण विमाने आमच्या पुराणात होती असे दुसरा म्हणतो तेव्हा आपण हसतो. तेच आपण केले तर आपल्याला हसायचा अधिकार राहत नाही. बुद्धांचे मोठेपण दुर्बिणीच्या पुराव्यावर टिकून नाही. जे तपासलेले नाही ते त्यांच्या नावावर खपवणे हा त्यांचा मान नव्हे.

रोहितस्स सुत्तात एका ऋषीची कथा आहे. जगाचा शेवट गाठायचा म्हणून तो शंभर वर्षे अखंड चालत राहिला आणि वाटेतच मेला. भगवंत सांगतात, चालून जगाचा शेवट गाठता येत नाही, पण दुःखाचा शेवट मात्र याच वावभर देहात, याच मनात शोधायचा आहे. ही दोन कामे वेगळी आहेत. एका कामासाठी दुर्बीण लागते, दुसऱ्यासाठी शील. एक हातात घेतले म्हणून दुसरे सोडावे लागत नाही.

शेवटी समितीला एक विनंती. वर्षातून दोनदा, अमावास्येच्या आसपास, अर्धा तास विहाराचे बाहेरचे दिवे बंद करावेत आणि मुलांना गच्चीवर न्यावे. अमावास्येला भिणारे जे कुणी घरात असतील त्यांनाही बरोबर आणावे. मुले विचारतील ते विचारू द्यावे. आपल्याला येत असेल ते सांगावे, येत नसेल तर "माहीत नाही, मिळून शोधू" असे म्हणावे. असे म्हणायला लाज वाटू नये. आम्हाला त्या दिवशी वाटली, म्हणून एवढे बोललो.



भवतु सब्ब मंगलं. जय भीम! नमो बुद्धाय!